पडदा, बोट आणि खांदा

रेल्वे स्थानकावरील तिकीटयंत्रापुढे उभा राहिलेला प्रवासी पडद्यावर बोट टेकवतो, स्थानकाचे नाव निवडतो आणि थोड्याच वेळात तिकीट घेऊन निघून जातो. स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या अशा पडद्याला टचस्क्रीन म्हणतात. हीच सोय टेबलावरच्या संगणकालाही असावी, असे संगणक विकत घेणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र असा पडदा साध्या पडद्यापेक्षा महाग पडतो. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

एक सोपा प्रयोग करून पाहा. खुर्चीत ताठ बसा, उजवा हात समोर खांद्याच्या उंचीवर लांब करा आणि तर्जनी हवेत स्थिर धरा. पहिले मिनिट सहज जाते. मग खांदा भरून येतो आणि बोट थरथरू लागते. टेबलावरच्या संगणकाचा पडदा डोळ्यांसमोर उभा आणि साधारण हातभर अंतरावर असतो. त्याला पुनःपुन्हा स्पर्श करायचा, तर संपूर्ण हाताचे वजन खांद्याच्या स्नायूंना पेलावे लागते. माऊस धरताना तेच वजन टेबल पेलते. या थकव्याला संगणकतज्ज्ञांनी ‘गोरिला आर्म’ असे गमतीदार नाव दिले आहे. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या कारकुनाला मात्र त्यात गंमत वाटणार नाही. तिकीटयंत्रापुढचा प्रवासी उभा असतो आणि त्याचे काम चार-दोन स्पर्शांत आटोपते, म्हणून तेथे ही अडचण जाणवत नाही.

हा प्रश्न नवा नाही. 1963 साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत ‘स्केचपॅड’ ही चित्रे रेखाटण्याची संगणकप्रणाली तयार केली. तिच्यात प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून रेषा काढाव्या लागत. पुढे अशा लेखणीचा वापर करणाऱ्यांचेही हात अवघडू लागले. 1983 मध्ये ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने ‘एचपी-150’ हा टचस्क्रीन असलेला संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्याच्या चौकटीला बारीक छिद्रे होती. त्यांतून अवरक्त किरण आरपार जात आणि बोटाने ते अडवले की स्पर्शाची जागा संगणकाला कळे. छिद्रांत धूळ साचली की हे काम बिघडे. 2010 साली स्टीव्ह जॉब्स यांनी उभ्या पडद्याला स्पर्श करणे हातांना सोसत नाही, असे जाहीरपणे सांगितले. तरीही 2012 मध्ये आलेल्या ‘विंडोज 8’ची रचना स्पर्श डोळ्यांसमोर ठेवून झाली. तिच्यातून जुने स्टार्ट बटण नाहीसे झाले. माऊस वापरणारे गोंधळले आणि पुढच्याच वर्षी ‘विंडोज 8.1’मध्ये ते बटण परत आणावे लागले.

बोटाची जाडी हीदेखील अडचणच आहे. माऊसचा बाण एका सूक्ष्म बिंदूवर नेमका टेकतो. बोट मात्र ज्याला स्पर्श करायचा तेच झाकून टाकते. हिशेबाच्या तक्त्यातील अरुंद रकाना बोटाने निवडताना शेजारचा रकाना निवडला जातो, आणि एका चुकीच्या आकड्यापायी सगळी बेरीज फसते.

पडदा आडवा करता आला, तर चित्र पालटते. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या ‘सरफेस स्टुडिओ’चा 28 इंची पडदा चित्रकाराच्या फळ्यासारखा खाली कलवता येत असे. त्यावर हात टेकवून काम करता येई.

प्रौढपणी संगणक शिकणाऱ्यालाही स्पर्शाचा खरा उपयोग होतो. माऊस टेबलावर पुढे सरकवला की पडद्यावरचा बाण वर जातो, हा संबंध हाताच्या अंगवळणी पडायला काही दिवस लागतात; दाखवायचे त्यावर बोट ठेवणे मात्र कोणाला शिकवावे लागत नाही. घरात असा संगणक घेतलाच, तर पडदा टेबलाच्या कडेजवळ ओढून मागे कलता ठेवावा, म्हणजे कोपर टेकायला जागा मिळते. माऊसही शेजारी असू द्यावा. पत्र टाइप करताना हात कळफलकावरच असतात, आणि तेथून पडद्यापेक्षा माऊस जवळ पडतो.