जुनी खुर्ची कशी दुरुस्त करावी?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सागाची जंगले आहेत. टिपेश्वर अभयारण्यातही साग आहे. सागाच्या आतल्या लाकडात तेल असते, म्हणून त्याला वाळवी लवकर लागत नाही. बाहेरच्या पांढरट लाकडाला मात्र लागते.

माझ्या आजीचे गुडघे दुखतात. तिला खाली बसता येत नाही. नवी खुर्ची महाग पडते, म्हणून बाबांनी बाजारातून जुनी सागवानी खुर्ची आणली. ती लय डुगडुगत होती. आम्ही ती घरीच नीट केली. आता आजी तिच्यावर बसून डाळ निवडते.

कृती :
१) खिळ्याने टोचून पाहावे. लाकूड पोकळ लागले तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलावा.
२) सांधा ढिला असेल तर जुना सरस खरवडावा. नवा लावून सुतळीने रात्रभर आवळून बांधावे.
३) पॉलिश कागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावा. आडवा घासला की ओरखडे दिसतात.
४) जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. हे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. खोबरेल तेल तसे वाळत नाही.

सावधान! जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या जागी सुट्या पसरून वाळवा.

मित्रांनो, हे काम मोठ्या माणसांसोबतच करा.