थोडं पॉलिश, भरपूर ब्रश

नवशिका पहिल्याच आठवड्यात डबी संपवतो आणि बूट मात्र धुरकटच राहतात. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर पेटीवर ब्रश आपटून गिऱ्हाईक बोलावणाऱ्यांचे हात जरा वेळ उभं राहून पाहा. डबीला बोट लागतं न लागतं, ब्रश मात्र थांबत नाही. याचं कारण साधं आहे. पॉलिशमध्ये मेण, रंग आणि टर्पेंटाइनसारखा द्रव असतो. द्रव उडून जातो, मेण कातड्यावर उरतं आणि घासून घासून सपाट झालं की चमकतं. थर जाड दिला तर तो आतून ओला राहतो आणि ब्रशखाली त्याचे पट्टे उठतात.

सामान फार लागत नाही. तिरक्या फळीची लाकडी पेटी, काळं, तपकिरी आणि बिनरंगी पॉलिश, लावायला छोटे ब्रश, चमकवायला घोड्याच्या केसांचे मोठे ब्रश, जुन्या बनियनची फडकी, एक जुना टूथब्रश, पाण्याची बाटली, पुठ्ठ्याचे तुकडे. पैसे वाचवायचेच तर पेटीत वाचवा, ब्रशमध्ये नको. नायलॉनचे राठ केस कातड्यावर चरे पाडतात. काळ्याचा ब्रश तपकिरी बुटाला चुकूनही लावू नका; दांड्यावर रंगाची खूण करून ठेवा.

बूट हातात आला की आधी तो कशाचा आहे ते ओळखा. नाडीच्या भोकांपाशी किंवा जिभेच्या कडेला कापलेला भाग दिसतो. तंतू दिसले तर कातडं, खाली विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. रेक्झिन पॉलिश पीत नाही, ते वरच बसतं आणि पँटला लागतं. त्याला ओलं फडकं आणि नखभर बिनरंगी पॉलिश पुरे. मखमलीसारखी लव असलेल्या स्वेडला पॉलिश अजिबात नको, फक्त कोरडा ब्रश. एकदा डाग पडला की भरपाई द्यायची तयारी ठेवा.

कातड्याचा बूट असेल तर नाडी काढा. गिऱ्हाईक बूट घालूनच उभं असेल तर नाडी आत खोचा आणि मोज्यावर डाग पडू नये म्हणून घोट्याच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा सरकवा. धूळ झटका. तळ आणि वरचं कातडं जिथे जुळतं त्या खाचेतली माती टूथब्रशने काढा. ही राहिली तर पॉलिशबरोबर चिखल फासला जातो. ओलसर फडक्याने पुसून बूट सुकू द्या.

मग छोट्या ब्रशच्या टोकाला जरासं पॉलिश घेऊन गोल गोल फिरवत पातळ थर द्या. टाचेची मागची बाजू आणि तळाची कड विसरू नका, मागून चालणाऱ्याला तीच दिसते. थर सुकायला पाच-सात मिनिटं द्यावीत. तेवढा वेळ कुठून आणायचा? एक सुकेपर्यंत दुसरा हातात घ्यायचा. सुकलेल्या बुटावर मोठा ब्रश लांब, हलक्या हाताने आणि भराभर चालवा. जोर द्यायची गरज नाही, वेग हवा. शेवटी फडक्याची दोन टोकं धरून चवड्यावरून आडवं ओढा.

आरशासारखी चकाकी हवी असेल तर टोकावर आणि टाचेवर आणखी पातळ थर देत, मध्ये पाण्याचा एकेक थेंब टाकून, बोटाला गुंडाळलेल्या सुती फडक्याने घोटत राहा. चालताना जिथे घडी पडते तिथे हे करू नका, तिथलं मेण तडकतं. परेड असलेला पोलीस यासाठी थांबेल. लोकल पकडणारा थांबणार नाही, त्याला ब्रशचीच चमक द्या.

घरचे आणि शेजाऱ्यांचे जुने जोड घासून हात बसला की जागा शोधा. कोर्ट, पोलीस ठाणं, बँका, मोठी ऑफिसं यांच्या आसपास, सकाळी. रेल्वेच्या हद्दीत परवान्याशिवाय बसू नका. 1989 च्या रेल्वे कायद्यात त्याला दंडच नव्हे, कैदही आहे. रस्त्यावर बसायचं तर 2014 चा पथविक्रेता कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, म्हणून महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे नोंदणी करून प्रमाणपत्र मिळवा. ते हातात असलं की पीएम स्वनिधीच्या कर्जासाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या गटई कामगारांसाठी, म्हणजे चपला-बुटांचं काम करणाऱ्यांसाठी, समाजकल्याण विभागाची पत्र्याच्या स्टॉलची योजनाही आहे, तिची चौकशी जरूर करा.

दर आजूबाजूच्या पॉलिशवाल्यांएवढाच ठेवा. त्यांच्याशी वाकडं घेऊन त्या फुटपाथवर टिकता येत नाही, आणि तुम्ही जेवायला उठलात की पेटीकडे तेच लक्ष ठेवणार. गिऱ्हाइकासाठी चपलांचा एक जोड आणि सुट्ट्याच्या कटकटीसाठी क्यूआर कोड जवळ असू द्या. माझ्या मते खरी कमाई रोजच्या नवीन माणसांत नाही, ठरलेल्या घरांत आहे. रविवारी संध्याकाळी एखाद्या सोसायटीतून शाळेचे आणि ऑफिसचे बूट गोळा करायचे, प्रत्येक जोडात फ्लॅट नंबरची चिठ्ठी टाकायची आणि महिन्याचे पैसे आधी ठरवायचे. एवढं जमलं की भवानीची वाट पाहत बसावं लागत नाही.

पावसाळ्यात धंदा मंदावतो आणि येतात ते भिजलेले बूट. ओल्या कातड्यावर पॉलिश मारू नका, उन्हातही ठेवू नका, ते कडक होऊन फाटतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायला सांगा आणि गिऱ्हाइकाला उद्या बोलवा.