गोदीतून न आलेले पणजोबा

मुलुंडच्या आमच्या घरात पणजोबांविषयी एकच वाक्य चालत आलं: "गोदीत कामाला गेले, ते आलेच नाहीत." साल विचारलं की आजी म्हणायची, "लढाई चालू होती." तेवढ्या धाग्यावरून जुनी दप्तरं चाळू लागले आणि गोदीतल्या स्फोटांपाशी पोहोचले. वाटेत उमगलं ते असं.

१. वर्तमानपत्राचं गप्प राहणंही वाचावं लागतं. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचेच ६६ जवान गेले. पण युद्धकाळ होता, सेन्सॉर होता. इथल्या पत्रांना सविस्तर छापायची मुभा मिळेपर्यंत मे उजाडला. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी जगाला सांगून टाकलं.

२. मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे नाही, मरतो तिथे होते. मुलुंड तर मुंबई महापालिकेत आलं १९५७ साली. म्हणजे पाहायची ती मुलुंडची नव्हे, शहराची मृत्यूनोंदींची बाडं.

३. बाडात नाव चढायला देह सापडावा लागतो, त्याची ओळख पटावी लागते. पणजोबा मजूर पुरवणाऱ्या टोळीवाल्याकडे रोजावर जायचे. गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा आला १९४८ मध्ये. त्याआधीचा रोजंदारीचा माणूस कोणत्या हजेरीपटावर शोधायचा?

४. मला सगळ्यात जास्त हलवलं ते पणजीच्या कुंकवाने. तिने ते शेवटपर्यंत पुसलं नाही. 'हट्टी बाई' म्हणून घरात तिचे किस्से सांगितले जायचे. शेजारीपाजारी म्हणत, त्याने दुसरं बिऱ्हाड केलं असेल. आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघते तेव्हा अंगावर काटा येतो. छापील बातमी नाही, देह नाही, दाखला नाही. त्या रिकाम्या आठवड्यांत कुजबुजीला रान मोकळं होतं. विधवा म्हणवून घ्यायलाही तिच्याकडे कागद नव्हता. पदरात दोन मुलं घेऊन ती 'टाकलेली' म्हणून जगली. बातमीवरच्या बंदीची किंमत अशा घरांनीही मोजली, आणि ती कुठेच नोंदलेली नाही.

५. पुरावा आणि खात्री घरातल्या प्रत्येकाची वेगळी असते. तिथी ठाऊक नाही म्हणून पणजोबांचं पान सर्वपित्रीला वाढलं जातं. आत्याने यंदा त्या शुक्रवारची तिथी पंचांगातून काढून घेतली. काका म्हणतात, नाव सापडेपर्यंत सर्वपित्रीच. मला दोघांचंही पटतं. सध्या जखमींना जिथे नेलं, त्या रुग्णालयांच्या नोंदवह्या कुठे ठेवल्या असतील, याची विचारपूस चालू आहे.