ब्रेस आधी, रंग नंतर

चि. सायली,


काल ताईचा फोन आला. तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉलेजात फळ्या ठोकत असतेस, हे तिचं गाऱ्हाणं मी कानाआड केलं. पुरुषोत्तम करंडक म्हटला की झोप जायचीच. पण बोलता बोलता ती म्हणाली, परवा तालमीत लेव्हल हलली आणि वरचा मुलगा कसाबसा सावरला. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

सहा फूट उंच लेव्हल, वर चार मुलं, आणि ब्रेस नाही? का, तर खालून मोकळं दिसायला हवं म्हणून? अगं, नुसत्या चार पायांची चौकट कितीही घट्ट ठोकली तरी धक्क्यासरशी एका अंगाला कलते. तिरपी पट्टी मारली की त्रिकोण होतो, आणि तो मोडल्याशिवाय हलत नाही. त्यात तुमची पोरं वर उड्या मारणार! सेट दर तालमीला सोडायचा-बांधायचा, म्हणजे खिळ्यांची भोकंही सैल होतात. नटबोल्ट वापर. मागच्या कडेला पांढरी पट्टी चिकटव, अंधारात कड दिसली पाहिजे. रंग राहिला तरी चालेल, ब्रेस आधी.

आणि उंची कमी केलीस तर काय बिघडेल? ज्या भरत नाट्य मंदिरात तुमचा प्रयोग आहे, तिथेच 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा झालं. त्यात भिंत होती ती माणसांचीच.

तुझ्या वयात मलाही हेच करायचं होतं. सांगलीला भावे नाट्यमंदिरात पडद्यामागे सुतारांच्या हाताखाली राबायचो. मग बँकेची नोकरी लागली, अण्णा म्हणाले, आता पुरे. अण्णांशी एकदा तरी भांडायला हवं होतं, असं अजून वाटतं. म्हणून तुला ‘सोड’ असं मी कधी म्हणणार नाही. ताईलाही तेच सांगितलं.

फार रागावलो का गं? तुझा आराखडा पाहिला. तो अर्धवट जिना आपल्या जुन्या घरातलाच ना? तिसरी पायरी झिजलेली दाखवलीस. आजीचा पाय तिथेच अडखळायचा. इतकं बारीक तू लहानपणी पाहिलंस, आणि आम्हाला पत्ताच नाही.

शनिवारी ड्रिल आणि बोल्ट घेऊन येतोय. सेट तुझा, मला फक्त कुठं धरायचं ते सांग. तोवर त्या लेव्हलवर कुणाला चढवू नकोस. तूही चढू नकोस, बाळा.

तुझा,
मामा