चि. बिरूस मामाचे आशीर्वाद

म्हसवड, वैशाख

चि. बिरू यास,


फोनवर विचारलं असतं तर "काय नाय मामा, सगळं ठीक" म्हणून तू मोकळा झाला असतास. म्हणून कागद घेतला. तुझ्या बीएसएफच्या बटालियनमधला शेजारच्या गावचा पोरगा रजेवर आलाय. बाजारात भेटला. चहा पिता पिता सहज बोलून गेला, की कच्छात खावड्याच्या पुढं नाक्यावर तू रात्री एका म्हाताऱ्या मालधाऱ्याच्या, म्हणजे तिकडच्या गुराख्याच्या, कानाखाली वाजवलीस. का, तर अपरात्री म्हशी घेऊन कुठं हिंडतोस म्हणून. सांगणाऱ्याला त्यात मर्दुमकी वाटत होती. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

ऐकीव गोष्टीला तिखटमीठ लागतं, हे मलाही कळतं. खोटं असेल तर मला चार शब्द सुनाव, मी ऐकून घेईन. पण खरं असेल तर तू ऐक.

तिथल्या बन्नीच्या गवताळ रानातली म्हैस रात्रीच चरते, बाबा. दिवसा त्या उन्हात जनावर उभं राहत नाही. संध्याकाळी धार झाली की म्हशी रानात जातात, रात्रभर चरतात आणि पहाटे आपल्या पायांनी दारात येतात. बऱ्याचदा त्यांच्यामागं माणूससुद्धा नसतं. तो म्हातारा बाहेर पडला असेल तो मागं राहिलेली एखादी म्हैस हुडकायला, त्या वेड्या बाभळीच्या काट्यांतनं. ही जनावरं अशी पिढ्यान् पिढ्या सांभाळली म्हणून तर २०१० साली सरकारदरबारी बन्नी म्हशीची वेगळी जात म्हणून नोंद झाली. तुला हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नसेल. पण तिथं गेल्यापासून तू तरी एकदा कुणाला विचारलंस का?

अडवलंस ते बरोबरच केलंस, त्याबद्दल माझा शब्द नाही. रात्रीचा माणूस दिसला की थांबवायचा, नाव-गाव विचारायचं, ओळखपत्र बघायचं, शंका वाटली तर वर कळवायचं. एवढीच आपली ड्यूटी. त्यात हात कुठं बसतो?

आणि तू नातू कुणाचा आहेस? दिवाळी झाली की आप्पा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. एका साली घाटाखाली जंगलखात्याच्या शिपायानं त्यांना सगळ्या वाड्यासमोर काठीनं हाणलं. मेंढरं हद्दीत आली म्हणून. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं होतं आणि वर कोंबड्यांच्या शेजारी तुझी आई बसलेली, चार-पाच वर्षांची. ती रडली नाही. आप्पांनी पटका उचलून झटकला आणि मेंढरं वळवली. पुढच्या साली त्याच रानात वणवा पेटला, तो पहिल्यांदा दिसला आप्पांनाच. चौकी हाकेच्या अंतरावर होती. ते सांगायला गेले नाहीत. हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं.

आपली फोर्स उभी राहिली तीच या कच्छच्या रणापायी. ९ एप्रिल १९६५ ला कच्छात सरदार पोस्टवर हल्ला झाला, तेव्हा सीमेची राखण राज्याराज्यांच्या पोलिसांकडं होती. ते पुरं पडत नाही हे दिसलं आणि १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ निघाली. पहिले प्रमुख रुस्तमजीसाहेब, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. हे तुम्हाला रेझिंग डेला दरवर्षी ऐकवतात. पण त्याच साली रणात आपल्या फौजेला माग काढून देणारा रणछोड पगी कोण होता? रबारी. म्हणजे तिकडचा धनगरच म्हण. वाळूतल्या पावलांवरून लपलेल्या तुकडीचा ठाव सांगायचा. १९७१ लाही तो फौजेबरोबर होता. शंभरी ओलांडून २०१३ साली वारला, आणि बनासकांठ्यात बीएसएफच्या एका चौकीला त्याचं नाव आहे. कारगिलला १९९९ च्या मे महिन्यात घुसखोर पहिल्यांदा दिसले तेही हरवलेला याक शोधत फिरणाऱ्या ताशी नामग्यालला. आपल्या दुर्बिणींना नव्हे. उद्या त्या म्हाताऱ्याला रणात परकं पाऊल दिसलं, तर तो तुझ्या नाक्यावर येईल का?

तुम्ही गावात डॉक्टर आणता, पोरांना वह्या आणि व्हॉलीबॉल वाटता, त्याचे फोटो तू पाठवतोस, मी चार लोकांना दाखवतो. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय आलं, तेव्हा किनाऱ्याकडच्या गावकऱ्यांना आपल्याच लोकांनी चौकीत आसरा दिला. हे सगळं केलेलं एका थपडेत पाण्यात जातं, बिरू.

सुईगामकडं पोस्टिंगला असताना आमच्याकडंही एक म्हातारा पगी यायचा. आपल्याकडं पूर्वी रामोशी माग काढायचे, तसाच. पावलं उमटावीत म्हणून राखलेल्या खुऱ्याच्या पट्टीवर सकाळी उकिडवा बसायचा, बोटभर अंतरावरनं पाऊल बघायचा. एकदा त्यानं मला हाताला धरून खाली बसवलं. पावलाच्या ठशावरनं किड्याची बारीक रांगोळी गेली होती. म्हणाला, किडा रात्री चालतो, तो पावलावरनं गेलाय, म्हणजे माणूस काल उजेडी गेला, आजचा नाही. शिकवतो म्हणाला, रोज पहाटे ये. मी तेव्हा तुझ्याच वयाचा. पहाटेची झोप आणि दुपारचे पत्ते यांतनं सवड कधी झाली नाही, आणि मग बंगालकडं बदली झाली. ते शिकायचं राहिलं याची हळहळ अजून जात नाही. दुसरं राहिलं ते आप्पांना तिकडं न्यायचं. भाषा येत नसताना ते त्या लोकांशी रात्रभर बोलत बसले असते, जनावरांचं.

फार बोललो. तिथलं ऊन मला माहीत आहे. खारा वारा, डोळ्यांत मीठ, अर्धवट झोप, वर किनाऱ्याला चरसाची पाकिटं लागतात म्हणून वरनं येणारा ताण. अशात माणसाचं डोकं फिरतं. तू वाईट नाहीस. लहानपणी कोकरू मेलं तर दोन दिवस जेवायचा नाहीस, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच बाजारातलं ते बोलणं माझ्या घशाखाली उतरेना.

आता एवढं कर. कंपनी कमांडरसाहेबांना आपण होऊन सांग, त्यांच्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी. त्यांची परवानगी घेऊन त्या म्हाताऱ्याच्या घरी जा. पैसे पुढं करू नकोस, त्यानं तो जास्त दुखावेल. माफी माग, आणि मग म्हशींची नावं विचार, तो एकेक करून सांगेल. चहा दिला तर पूर्ण पी. तुझा आजा मेंढरं राखायचा, हेही सांग त्याला.

पाणी भरपूर पीत जा. डोक्याला ओला गमछा बांध. म्हसवडच्या रथाला रजा मिळते का बघ, सिद्धनाथाच्या पायाशी दोघं जाऊ. तुझी आई बरी आहे, गुडघे दुखतात एवढंच. तिला यातलं मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. जाऊन आलास की मला दोन ओळी टाक.

तुझा,
मामा