आयसीयूत शिरेतून आहार

प्रश्न : मेंदूत रक्तस्राव झाल्याने बाबा चार दिवस आयसीयूत बेशुद्ध आहेत. नाकातल्या नळीतून थोडं पातळ अन्न देतात. सलाइनमधून पूर्ण आहार दिला तर ताकद लवकर येईल ना?

उत्तर : तुमची काळजी अगदी रास्त आहे. पण साधी सलाइन म्हणजे आहार नव्हे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर बाटलीतून जेमतेम २०० कॅलरी मिळतात. प्रकृती स्थिरावल्यावर ६० किलो वजनाच्या रुग्णाला रोज सुमारे १५०० कॅलरी आणि भरपूर प्रथिनं लागतात. ग्लुकोज, अमिनो आम्लं व स्निग्धांश असलेला खरा शिरेतला आहार वेगळा असतो. तो बहुधा मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेतून देतात. त्यात जंतुसंसर्गाची भीती असते, साखरही चढते, आणि वाढलेली साखर जखमी मेंदूला घातक ठरते.

म्हणून आतडं चालत असेल तर नळीच उत्तम, थोडं अन्न गेलं तरी. बेल्जियममधल्या २०११च्या मोठ्या अभ्यासात नळीचा आहार अपुरा पडणाऱ्या रुग्णांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिरेतून पूरक आहार दिला, तेव्हा संसर्ग वाढले. आठवडाभर थांबलेले लवकर सावरले. मेंदूवरचा दाब वाढला की जठर मंदावतं; अशा वेळी आधी औषधं देतात किंवा नळी लहान आतड्यापर्यंत सरकवतात. तरीही अन्न पचत नसेल, तर मात्र शिरेतला आहार टाळू नये. डॉक्टरांना विचारा : बाबांना रोज किती कॅलरी, किती प्रथिनं मिळतात? फॉस्फेट तपासलं का? घरची पेज परस्पर नळीत घालू नका.