खोडदची दुर्बीण

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद नावाचे गाव आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी एक प्रचंड दुर्बीण गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तेथे उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या मिळून ही एकच दुर्बीण होते. देशोदेशींचे शास्त्रज्ञ तिच्यासाठी वेळ मागतात. वेळ थोडा आणि मागणारे फार. म्हणून निरीक्षणांचे वेळापत्रक आगाऊ आखावे लागते.

मुलांनो, ही आखणी कशी होते? तारा कोणासाठी थांबत नाही. तो रोज सुमारे 4 मिनिटे आधी उगवतो, आणि आधीच मावळतो. तेव्हा प्रथम त्याची वेळ निश्चित करतात. मग तेथून उलट मोजीत इतर कामे लावतात. तबकड्यांची डागडुजी आधी, परिचित रेडिओस्रोतावर यंत्रांची पारख नंतर, इष्ट ताऱ्याचे निरीक्षण त्यापुढे. एक काम रेंगाळले, की तारा मावळतो आणि दुसऱ्याची पाळी येते!

शेतकरीही हेच जाणतो. वापसा होताच पेरणी साधावी लागते. म्हणून तो बियाणे व अवजारे आधीच सिद्ध ठेवतो. जी वेळ आपल्या हाती नाही, ती प्रथम ओळखावी. जी कामे आपल्या हाती आहेत, ती तिच्याआधी उरकावी.